पहिली फेरी जिगचीच

ड्राय फोर्कच्या हॉलच्या दारावर वर्जिल हॅकेटनं सोमवारी कागद ठोकला, आणि मंगळवारी तो कागद ओर्फा स्टॅम्परच्या घरामागच्या संडासात तारेला अडकवलेला होता. चोरला म्हणाल तर चोरला नव्हता. भर दिवसा, समोरच्या दुकानाच्या पायरीवर चार माणसं तंबाखू चघळत बसलेली असताना तिनं चारी खिळे हातोडीनं उपसले, एप्रनच्या खिशात टाकले आणि कागदाची नीट घडी केली.

"काकी, काय करतीस गं?" पायरीवरनं कुणीतरी विचारलं.

"कागुद चांगला जाडसर हाय," ती म्हणाली. "आमच्यात जुनं कॅटलॉग सरत आलंय."

कागदावर लिहिलं होतं की ऑगस्टच्या मेळ्यापासून ड्राय फोर्कच्या नाचात जिग वाजवल्या जाणार नाहीत, सगळ्या फेऱ्या धावत्या चालीवर होतील, वाजवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. खाली सही: अध्यक्ष, नाच कमिटी.

वाजवणाऱ्यांनी म्हणजे तिनंच. आमच्या खोऱ्यात फिडल धरणारं दुसरं होतं कोण? डेलमर गिटार वाजवायचा, वर्जिलचा मेहुणा रॉय बँजो. पण दोघंही ओर्फाच्या गजाकडं बघून हात हलवणारे. एकवीस वर्षं शनिवारच्या नाचाला फिडलच्या खुर्चीवर तीच बसत होती, त्याआधी तिचा बाप. आणि तिच्या एकवीस वर्षांत एक शनिवार असा गेला नव्हता की पहिली फेरी जिगवर झाली नाही.

चौकडी म्हणजे चार जोड्या, चार बाजूंना, तोंडं आत करून. तिची पहिली फेरी जिगची. जिगला तीन-तीन मात्रांचा झोका असतो. त्या झोक्यात अंग आपसूक उचलतं, गुडघ्यावर भार येत नाही. म्हातारी माणसं ती एकच फेरी नाचायची, आणि घाम पुसत भिंतीकडंच्या बाकावर जाऊन बसायची. मग तरण्यांचा धिंगाणा. धावत्या चाली, दोन-दोनच्या ठेक्यात, घोडं दामटल्यागत. पहिली फेरी काढली की म्हातारी माणसं नाचायच्या फळीवरनं उतरलीच. हे वर्जिलनं कागदावर लिहिलं नव्हतं, पण वाचता येत होतं.

वर्जिल माणूस तसा वंगाळ नव्हता. कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान, दोन पोरी, बायको आजारी. मधे दोन वर्षं शहरात राहून आला, तिथल्या नाचाच्या क्लबात शिकला आणि येताना एक लाउडस्पीकर, एक मायक्रोफोन आणि छातीवर गुलाब विणलेला शर्ट घेऊन आला. नाचात कुणी पुढं यायचं, कुणी कुणाचा हात धरायचा, हे ओरडून सांगणारा एक पुकाऱ्या लागतो. आधीचा म्हातारा पुकाऱ्या पहिल्या फेरीत सगळे मिळून पाच-सहा शब्द बोलायचा. "पुढं." "मागं." "फिरा." बाकी पायांना ठाऊक होतं. वर्जिलला ते चालेना. तो प्रत्येक मात्रेला शब्द भरायचा, यमकं जुळवायचा, गुरांच्या लिलावात बोली लावावी तसा सुटायचा. लोकांना आवडायचंही. फक्त जिग लागली की त्याची गाडी रुळावरनं घसरायची.

मंगळवारीच दुपारी ओर्फा त्याच्या दुकानात गेली. एकसष्ट वर्षांची बाई, उंच, हाडकुळी, नवऱ्याचे जुने बूट घातलेले.

"कागुद वाचला न्हवं, काकी?" वर्जिलनं विचारलं. कागद कुठं गेला हे तोवर त्याच्या कानावर आलेलं होतं.

"वाचला की. वापरायच्या आधी वाचला."

पोत्यांवर बसलेले दोघं खिदळले. वर्जिलनं पेन्सिल कानावर ठेवली. "हे बगा, जिग आपल्या न्हाईत. त्या वरच्या अंगाच्या, उत्तरंकडच्या लोकांच्या. आपल्या डोंगरातला कंचा बँड रेडिओवर जिग वाजवतो, दावा मला."

"माझी आय कंदी रेडिओवर गेली न्हवती. ती कुठली म्हनायची मग? वरच्या अंगाची?"

"तसं न्हवं काकी. जगाबरूबर चालावं लागतं. आता पोरं येत्यात नाचाला, लांब लांबनं मोटारी येत्यात. त्यास्नी येग पायजे."

"येग तुला पायजे, लेका. तुझी जीभ तीन-तीनमधी अडकती, ते सांग की सरळ. एप्रिलात 'उजवा हात' म्हनायच्या जागी 'हुजवा आत' म्हनालास. आठ मान्सं मधी गोळा हुऊन बाकावर कोसळली आन् प्रुइटांच्या म्हातारीचा चष्मा फुटला. तवाधरनं तुला जिग परकी वाटाया लागलीया."

आता पोत्यांवरची माणसं मोकळी हसली. वर्जिलचे कान लाल झाले. तो काऊंटरवर वाकून हळू बोलला, आणि हळू बोलला म्हणूनच ते खरं होतं हे तिला कळलं. "मेळ्यात जिग वाजीवलीत तर शनिवारची खुर्ची मेरिल फॉक्सला. कमिटीनं ठरीवलंय. मी येकट्यानं न्हाई."

मेरिल फॉक्स पलीकडच्या तालुक्यातला. रेडिओवर वाजवलेला, चाळीशीचा, केसाला तेल लावणारा.

"मंग त्याला सांग," ओर्फा म्हणाली, "खुर्चीचा मागचा डावा पाय हलतोय. बसताना बगून बस म्हनावं."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. हॉबर्ट रेल्वेच्या रुळांखालचे ओंडके तासायचा. करवतीच्या गिरणीनं त्याचा एक कान खाल्लेला. तो चुलीकडं तोंड करून ऐकत होता.

"मला वाजवू नगं म्हन्तोस का?"

"मी कुटं काय म्हन्लं?"

"मग म्हन की कायतरी. इतक्या वर्सांचा नवरा हायस."

"बटाटं करपल्यात," हॉबर्ट म्हणाला.

हॉबर्टचं ते हो होतं. लग्नाच्या वेळी तिनं अट घातली होती की फिडल संगं येणार, आणि ज्या घरात फिडल खुंटीवर नुसती टांगून राहील त्या घरात ती राहणार नाही. तो म्हणाला होता, "मला काय, मला निम्मंच ऐकू येतंय." आणि खरोखर, बत्तीस वर्षं ती रोज संध्याकाळी त्याच्या बहिऱ्या बाजूला बसून वाजवत आली.

ही बाई अशी का होती, ते तिच्या आईपासनं सांगावं लागेल. ओर्फाचा बाप फिडल वाजवायचा, पण त्याला जिग आवडत नसत. जिगमधे गज दर तिनाला उलटा पडतो. एकदा खाली ओढून सुरुवात, पुढच्या वेळी वर ढकलून. बापाच्या मनगटाला ते जमायचं नाही, म्हणून तो म्हणायचा, "ह्या बायकी चाली." जिग होत्या आईच्या. आई चर्चची पक्की. चर्चच्या लेखी फिडल म्हणजे सैतानाचं खोकं, तिला हात लावणंही पाप. पण तोंडाला कुणी मनाई केली नव्हती. म्हणून ती बाई तोंडानं वाजवायची. कपडे बडवताना, शेंगा सोलताना, पाळणा हलवताना, "डिडल-डी, डिडल-डी," अख्खी चाल, वळणासकट, मुरकीसकट. शेजारणी आल्या की त्या दोघीतिघी अंगणात त्यावर नाचायच्या. पाप कुठं होतं? खोकं तर खुंटीवर होतं.

ओर्फानं वयाच्या नवव्या वर्षी बाप गिरणीवर गेला की खोकं खाली काढायला सुरुवात केली. आई स्वयंपाकघरातनं तोंडानं चाल म्हणायची आणि पोरगी ती तारांवर शोधायची. चुकली की आई थांबायची नाही, शिकवायचीही नाही, फक्त तोच तुकडा परत म्हणायची. दोन वर्षांनी बाप एकदा दुपारीच घरी आला, दारात उभा राहिला आणि ऐकत राहिला. मग आत येऊन त्यानं पोरीच्या हातातनं फिडल घेतली, खुंटीवर अडकवली आणि पट्टा काढला. ओर्फा मार खाल्ल्यावर रडली नाही. दुसऱ्या दिवशी तो गिरणीवर गेल्यावर तिनं फिडल परत काढली. असं अकरा दिवस चाललं. रोज मार, रोज फिडल. बाराव्या दिवशी बाप म्हणाला, "गज लई वर धरतीस," आणि पट्टा कमरेला लावून जेवायला बसला.

एकोणिसाव्या वर्षी तिनं चुलत बहिणीच्या लग्नात वाजवलं, तेव्हा चर्चनं तिला उभं केलं. माफी माग, नाहीतर सभासदांच्या यादीतनं नाव कापू.

"मी वाजीवलं. नाचले न्हाई," ती म्हणाली. "माफी नाचनाऱ्यांनी मागावी. त्यात पाद्रीसायबाची दोन लेकरं हुती, त्यास्नी आधी उभं करा."

नाव कापलं. पुढचे सगळे रविवार ती सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली, सगळ्यात मोठ्यानं गायली. नाव नसलेल्या माणसाला बसू नको म्हणायची कुठल्या पुस्तकात सोय नव्हती.

आता अशा बाईला वर्जिल कागद लावून सांगत होता.

ऑगस्टात आमच्याकडं टोमॅटो पिकतो आणि बायका तो डब्यात भरायच्या कारखान्यात, कॅनरीत जातात. वाफेतनं काढलेले टोमॅटो, हातात वाकडी सुरी, एक गिरकी मारली की साल खाली. आंबट रसानं बोटांची टोकं सोलतात. ओर्फा डाव्या हाताच्या चारी बोटांना डुकराची चरबी लावून फडक्याच्या चिंध्या बांधायची, कारण त्याच बोटांनी शनिवारी तारा दाबायच्या असायच्या. तिच्या शेजारी नऊ वर्षं उभी राहत होती टेनी प्रुइट, सत्तरीची, बुटकी, फुटलेल्या चष्म्याची मालकीण. आणि नऊ वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. ओर्फाच्या कुत्र्यानं टेनीच्या सहा टर्की मारल्या होत्या. टेनी म्हणायची सहा, ओर्फा म्हणायची दोन, आणि बाकीच्या चार कोल्ह्यानं. दोघींना एकमेकींना काही सांगायचं असलं की त्या समोरच्या बाईला सांगत.

"काही लोकास्नी वाटतं," टेनी समोरच्या बाईला म्हणाली, "त्यांनी गज उचलला न्हाई तर कोंबडं आरवायचं न्हाई."

"काही लोकास्नी जोडीदार गावत न्हाई," ओर्फा त्याच बाईला म्हणाली, "म्हून नाचात सुया घिऊन विनत बसावं लागतं."

"जोडीदार हुता मला. मेला. काही लोकांचा जित्ता हाय आन् नाचत न्हाई."

समोरची बाई दोघींच्या मधे सापडून टोमॅटो सोलत राहिली. तिला आता सवय झाली होती.

संध्याकाळी डेलमर कॅनरीच्या फाटकाशी थांबला होता. मोटारींचं गॅरेज चालवणारा, पस्तिशीचा, नखात कायमचं काळं ग्रीस. ओर्फा दिसल्यावर त्यानं टोपी काढली.

"काकी, मेळ्यात तू जिग वाजवनार हाईस का?"

"तुला काय वाटतं?"

"मंग मला थांबाया लागंल. वर्जिलनं सांगितलंय, जिग चालू झाली की हात तारांवर पालथा ठिवायचा. रॉयलाबी सांगितलंय." त्यानं टोपी फिरवली. "माजा राग नगं धरू. तसाबी माजा अंगठा त्या तिनात कंदी बसलाच न्हाई. मी आजवर नुसता अंदाजानं बडवत आलो."

"ठावं हाय मला. एकवीस वर्सं तुजा अंदाज ऐकतीया मी."

"काकी, त्या गर्दीत येकटी फिडल कुनाला ऐकू जायची न्हाई. मायक्रोफोनबी वर्जिलच्याच हातात."

"जाईल न जाईल," ओर्फा म्हणाली आणि चिंध्या सोडत चालू लागली. पण डेलमरचं म्हणणं खरं होतं आणि ते तिला रस्ताभर टोचत राहिलं. वर्जिलनं डोकं लावलं होतं. तो तिच्या हातातला गज काढून घेणार नव्हता. तो तिला फक्त ऐकू येणार नाही असं करणार होता.

मेळा ओकच्या राईत भरतो. झाडांखाली फळ्यांचा मोठा चौथरा, गुडघाभर उंच, त्यावर नाच. आजूबाजूला टोपल्या, तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, बर्फात ठेवलेली कलिंगडं, भुंकणारी कुत्री, निवडणुकीला उभी राहिलेली माणसं हात मिळवत फिरणारी. दुपारी तीनला वर्जिल गुलाबाचा शर्ट घालून चौथऱ्यावर चढला. मागं खुर्च्यांवर बँड. पायऱ्यांशी मेरिल फॉक्स, फिडलची पेटी मांडीखाली घेऊन, लग्नात वाढायची वाट बघणाऱ्यासारखा बसला होता.

"चौकड्या धरा!" वर्जिलचा आवाज लाउडस्पीकरमधनं राईभर गेला.

आठ चौकड्या उभ्या राहिल्या. त्यातल्या तीनमधे बहुतेक म्हातारी माणसं, कारण पहिली फेरी त्यांची. वर्जिलनं मायक्रोफोन ओर्फाच्या फिडलपुढं धरला आणि दात न उघडता म्हणाला, "काकी, आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय," ओर्फा म्हणाली, आणि तिनं आईची जिग सुरू केली.

पहिले चार झोके राईभर ऐकू गेले. मग वर्जिलनं मायक्रोफोन काढून घेतला. डेलमरचा हात तारांवर पालथा पडला. रॉयनं बँजो मांडीवर आडवा ठेवला आणि आकाशाकडं बघायला लागला. एवढ्या माणसांच्या बोलण्यात, कुत्र्यांच्या भुंकण्यात फिडल एकदम डासाएवढी झाली. पलीकडच्या चौकड्यांतली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. "थांबलं का?" "काय झालं?" एक चौकडी मोडली. दुसरी मोडली. ओर्फाचा गज चालूच होता. खाली ओढ, वर ढकल, उलटा, सुलटा. ती कुणाकडंही बघत नव्हती. मान ताठ, ओठ आवळलेले, आणि त्या हाडकुळ्या हातात जेवढा जोर होता तेवढा सगळा तारांवर. जवळ उभं राहिलं तर गजाचे केस तुटताना दिसत होते.

तेवढ्यात बाकावरनं टेनी प्रुइट उठली. हातात अर्धवट विणलेला पायमोजा. तिनं चालता चालता सुयांवरनं सगळे टाके उतरवले, महिन्याची वीण मातीत टाकली आणि दोन सुया मुठीत धरून चौथऱ्यावर चढली. वर्जिल आडवा आला.

"टेनीकाकी, तुमी कुटं?"

"बाजू हो. चष्म्याचं अजून तुज्याकडनं यायचं हाय."

ती ओर्फाच्या डाव्या हाताला जाऊन वाकली. आमच्या डोंगरात गिटार यायच्या आधी अशीच साथ असायची. एक माणूस वाजवायचा आणि दुसरा त्याच्याच फिडलच्या तारांवर, गजाच्या आणि बोटांच्या मधल्या जागेत, काटक्यांनी ठेका धरायचा. पंचवीस-तीस वर्षांत कुणी केलं नव्हतं. तरण्या पोरांनी तर पाहिलंही नव्हतं.

"डोसकं मागं घे," टेनी म्हणाली. नऊ वर्षांतला तिचा हा पहिला शब्द. "तुझ्या नाकावर मारायचं मनात हाय, पन आज तारा बडवते."

"सुया वाकड्या हुतील."

"माज्या हाईत. टर्की सहा हुत्या, ध्येनात ठिव."

"दोन," ओर्फा म्हणाली.

आणि सुया पडल्या. टिकिटी-टिकिटी, टिकिटी-टिकिटी. लोखंडाचा आवाज तारेवरनं उडून गर्दीच्या डोक्यावरनं गेला. सूर नसंल ऐकू येत, तीन-तीन ऐकू येत होतं. म्हाताऱ्यांच्या चौकड्या अजून उभ्याच होत्या, त्या हलल्या. पुढं, मागं, उजवे हात, फिरा. कुणी काही सांगत नव्हतं. चोवीस म्हातारी माणसं आणि अठ्ठेचाळीस बूट, पोकळ फळ्यांवर. आता ठेका फळ्यांतनंच यायला लागला. चौथऱ्याखाली झोपलेलं कुत्रं कोकलत बाहेर पळालं.

वर्जिलला वाटलं, आपण पुकारा घातला तर ही माणसं चुकतील. त्यानं लाउडस्पीकर पुरा मोठा केला आणि आपली यमकं सोडली, दोन-दोनच्या मापात, भराभर. पहिल्या तीन ओळी कशातरी गेल्या. चौथीला जीभ तिनात सापडली. "तुमची बाई माझी बा... माझी बाई तुमचा बा... हात धरा भावजीचा... गावजीचा भा..." एवढ्या मोठ्या आवाजात, अख्ख्या राईला. मग कलिंगडाच्या टेबलाकडनं कुणीतरी ओरडलं, "हुजवा आत!" आणि सगळी राई फुटली. निवडणुकीला उभा राहिलेला माणूससुद्धा पोट धरून हसत होता, आणि तो वर्जिलच्याच पक्षाचा. वर्जिलनं मायक्रोफोन खाली ठेवला. चेहरा असा की मला तरी वाईट वाटलं असतं. ओर्फाला वाटलं नाही.

तिनं चाल पुरी वाजवली, सगळी, शेवटच्या वळणापर्यंत. मग उठली, फिडल काखेत मारली आणि मेरिल फॉक्सला म्हणाली, "बस. पाय हलतोय, सांगितलंय न्हवं?"

टेनी मातीतनं पायमोजा शोधत होती.

इथं गोष्ट संपली असती तर वर्जिल जिंकला असता. कारण खुर्ची खरोखरच गेली. पुढच्या शनिवारी हॉलमधे मेरिल फॉक्स बसला, आणि माणूस चांगला वाजवायचा, खोटं कशाला बोला. ओर्फा घरी हॉबर्टच्या बहिऱ्या बाजूला बसून वाजवत होती. ती हॉलकडं फिरकली नाही. "बोलिवल्याबिगर जायची न्हाई," ती म्हणाली, "आन् बोलिवलं तरी इचार करीन."

पण पहिल्या फेरीला वर्जिलनं चौकड्या धरा म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी चौकड्या धरल्या. मेरिलनं धावती चाल लावली. तरणी सुटली. म्हातारी हलली नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आपापल्या जोडीदाराचा हात धरून, तोंडं आत करून, नुसती उभी. हॉल लहान आहे आमचा. मधल्या फळीवर तीन चौकड्या गाडलेल्या खांबासारख्या उभ्या राहिल्या तर बाकीच्यांनी नाचायचं कुठं? पोरं त्यांच्यावर आपटायला लागली. वर्जिल म्हणाला, "आवो, नाचा की, न्हाईतर बसा तरी."

"पैली फेरी झाल्यावर बसू," एक म्हातारा म्हणाला.

"झाली की पैली फेरी!"

"झाली व्हय? आमाला दिसली न्हाई."

तासभर उभी राहिली माणसं. त्यातल्या दोघांना सांधेवात, एकीचे पाय सुजलेले. तासाभरानं कोट चढवून घरी गेली. दुसऱ्या शनिवारी तेच, आणि या वेळी चार चौकड्या. तिसऱ्या शनिवारी लांबनं मोटारीनं येणारी पोरं दाराशी बघूनच परत फिरली, आणि मेरिल फॉक्सनं पेटी बंद केली. "मला जिग येत न्हाई, वर्जिल," तो म्हणाला. "येत असती तर वाजीवली असती. ही मान्सं मला भुतं लागल्यागत वाटाया लागल्यात."

सोमवारी वर्जिल कॅनरीत आला. बायकांच्या रांगेत, वाफेत, सालींच्या चिखलात चांगल्या बुटांनिशी उभा राहिला. ओर्फानं सुरी थांबवली नाही.

"काकी, कमिटीचं म्हननं हाय की तुमी यावं."

"कमिटी कुटं हाय? मला येकटा तूच दिसतोस."

वर्जिलनं घसा खाकरला. "माजं म्हननं हाय."

"मंग बोल."

"जिग ऱ्हाईल. म्हैन्यातनं येकदा."

ओर्फानं टोमॅटोची साल त्याच्या बुटाशेजारी टाकली. "पैली फेरी. दर शनवारी."

"बरं. दर शनवारी."

"त्या फेरीला लाउडस्पीकर बंद. आन् तुजं त्वांडबी."

आजूबाजूच्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. वर्जिलनं एक बूट चिखलातनं उचलून दुसरीकडं ठेवला. "काकी, पुकाऱ्यानं गप बसायचं म्हंजे... लोक काय म्हन्तील?"

"तीन शनवार लोक काय म्हनत हुते, ते ऐकलंस न्हवं? त्यापरीस बरंच म्हन्तील." मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. "पुढच्या फेऱ्यास्नी तू बोल की. तुला चांगलं बोलता येतं, न्हाई म्हनत न्हाई मी. पन ही माज्या आयची हाय. हिच्यावर कुनी बोलायचं न्हाई."

"काही लोकास्नी," टेनी समोरच्या बाईला म्हणाली, "हातात आलेलं सोडवत न्हाई." पण म्हणताना तिच्या सुरीनं पुन्हा वेग धरला होता. वर्जिलनं मान हलवली. ती हो होती का नाही हे त्यालाही ठरवायला थोडा वेळ लागला. मग म्हणाला, "शनवारी सातला."

त्याच आठवड्यात डेलमर गिटार घेऊन ओर्फाच्या ओसरीवर आला. अंगठा अजून बसत नव्हता. चार संध्याकाळी त्यानं घाम गाळला, शिव्या दिल्या, परत धरला. शेवटी तिनं सांगितलं, "बाकीचं सोड. तिनातला पैलाच मार. मधल्या दोघांस्नी मी सांभाळती." मग बसलं. नुसता एक ठोका, रिकामा, भरदार, ओंडक्यावर कुऱ्हाड पडावी तसा. हॉबर्ट आतनं म्हणाला, "हे मला ऐकू येतंय."

शनिवारी खुर्चीवर ओर्फा बसली. खुर्ची मेरिलनं तीन आठवड्यांत दुरुस्त केली होती. तिनं हलवून बघितली आणि फिडल खांद्याला लावली. हॉल भरलेला. लाउडस्पीकरचा दिवा विझलेला. वर्जिल मायक्रोफोनशेजारी हाताची घडी घालून उभा होता, गुलाबाचा शर्ट, ओठ गच्च मिटलेले, आणि सगळं गाव त्याच्या ओठांकडं बघत होतं.

पहिली फेरी जिगवर दोनदा फिरवायचा आमच्याकडं रिवाज आहे. दोनदा झाली. म्हातारी माणसं बाकाकडं वळायला लागली. ओर्फानं गज तारांवरनं उचलला नाही. तिसऱ्यांदा सुरुवात केली. डेलमरनं दचकून तिच्याकडं बघितलं आणि ठोका धरला. म्हातारी परत वळली. चौथ्यांदा. पाचव्यांदा. वर्जिलचे ओठ एकदा उघडलेसुद्धा, आणि तिनं गज न थांबवता त्याच्याकडं असं पाहिलं की ते परत मिटले. सहाव्यांदा चाल फिरली तेव्हा वर्जिलच्या डाव्या बुटाची टाच त्याच्या परवानगीशिवाय तीन-तीनमधे हलत होती. ओर्फानं ते बघितलं, गज जरा जोरात दाबला, आणि सातव्यांदा तीच चाल धरली.